चेष्टा म्हणजे काय

लोक सोळा-सतराव्या वर्षी मोठे होतात, मी बेचाळिशीत झाले. त्याच्या आधी मी लहान होते अशातली गोष्ट नाही. लेक कॉलेजात होती, पोरगा बारावीला, डोक्यावरचे निम्मे केस पांढरे. पण 'येते मी' एवढं म्हणून, कोणाची परवानगी न घेता, पायात चप्पल घालून घराबाहेर पडणं ज्याला म्हणतात, ते मला तोवर माहीतच नव्हतं. त्यामुळे आता पंचावन्न पार केल्यावर तारुण्याविषयी लिहायला बसले, तर मला माहेरचे झोके आणि मैत्रिणी सुचत नाहीत. सतराव्या वर्षी लग्न होऊन भंडाऱ्याकडून बालाघाटला आले. नदी तीच, वैनगंगा, फक्त राज्य बदललं आणि बाजारातली भाषा बदलली. माझं तारुण्य म्हणाल तर ते बसस्टँडजवळच्या एका कापड दुकानातल्या साड्यांच्या गादीवर गेलं, आणि तिथंच ते एकदा हातातून निसटता निसटता राहिलं.

घरात आम्ही मराठी बोलतो, उंबरठ्याबाहेर हिंदी. मुलांची तर दोन्हीची खिचडी. आत्ता लिहिताना मी 'मला' लिहितेय, पण तोंडून 'मले'च निघतं, आणि माझी लेक मनीषा मागून वाचते आणि म्हणते, "मम्मी, किताबी हो गई तू." होऊ दे बापा. भाषेचं हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे या भाषेनंच घोळ घातला आणि तिनंच निस्तरला.

दुकानात मी नोकरी मागायला गेले नव्हते. नणंदेच्या पोरीच्या लग्नाची साडी घ्यायला गेलते. शेजारी परसवाड्याकडची एक बाई गोंधळून बसली होती, समोर वीस-पंचवीस साड्यांचा ढीग, आणि दुकानातला माणूस आणखी साड्या फेकतच होता. मला राहवलं नाही. मी तिला म्हटलं, बाई, तुमचा रंग सावळा आहे, तो गुलाबी ठेवा बाजूला, हा हळदी घ्या, काठ बघा किती शोभतो. तिनं एक सोडून तीन घेतल्या. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या शेठनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, बाई, काम करोगी? मी घरी येऊन हसत हसत सांगितलं. माझे मालक, म्हणजे मनीषाचे वडील, भरवेलीच्या खाणीत कामाला होते, नुकतीच मोटरसायकल लावून हातपाय धूत होते. ते म्हणाले, "मंग हौ म्हणून टाक ना. घरी बी तू दिवसभर माझ्या कपड्याच्याच घड्या करतं." बस्, एवढ्यावर माझी नोकरी ठरली.

काय दिवस होते ते! पहाटे उठून डाळ-भात, वांग्यात वैनगंगेचे सुके झिंगे टाकून भाजी, चार डबे. कुकरची शिट्टी आणि खाणीच्या पाळीला जाणाऱ्या गाड्यांची फटफट एकदमच सुरू व्हायची. सासूबाईंना आम्ही सगळे बुढी म्हणत असू, त्यांना कानानं कमी यायचं, त्यामुळे आमच्या घरात हळू आवाजात काहीच घडत नसे. मीठ संपलं हेसुद्धा गल्लीला कळायचं. नवाच्या ठोक्याला मी बाहेर. दुकानात नव्या कापडाचा खळीचा वास, शटर वर जाण्याचा खडखडाट, आणि मग साडीची घडी एका झटक्यात मोडून गिऱ्हाइकासमोर फेकायची ती कला. मला ती आठ दिवसांत जमली. सीमेवरच्या गावांतल्या मराठी बाया मलाच शोधत यायच्या, कारण त्यांना 'नेसून पाहू द्या' हिंदीत म्हणता यायचं नाही. एका पोरीनं मला मॅडम म्हटलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं, कोण मॅडम आली म्हणून.

त्या दुकानात एक मॅनेजर होते. त्यांना मी मधुकरजी म्हणते, खरं नाव वेगळं आहे, आणि ते मी लिहिणार नाही. कायदासुद्धा तेच सांगतो, की अशा प्रकरणातली नावं उघडी करू नयेत. तर मधुकरजी. मूळ नागपूरकडचे. कधी काळी कोण्या खाजगी शाळेत वर्षभर शिकवलं होतं, तेवढ्यावर सगळे त्यांना गुरुजी म्हणत. शुद्ध भाषेचा त्यांना भारी सोस. हिंदी बोलतानाही 'पानी'ला 'जल' म्हणायचे, कोणी 'कोशिश' म्हटलं तर 'प्रयत्न' म्हणून दुरुस्त करायचे. चहावाल्याला 'किंचित शर्करा कम' असं सांगायचे आणि तो बिचारा साखरच टाकायचा नाही. सुरुवातीला मला ते सगळं गमतीचं वाटायचं.

आमची गादी आणि मागचं कपाट यांच्यामध्ये एक अरुंद गल्ली होती, एक माणूस जाईल एवढी. साड्या काढायला तिथूनच आत जावं लागे. मधुकरजी त्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे. दोन्ही हातांवर साड्यांचा गठ्ठा घेऊन मी आले, की ते सरकायचे नाहीत, पोट आत घेतल्यासारखं करायचे, म्हणजे मी त्यांना घासूनच जावं. पहिल्या वेळी मला वाटलं चुकून. दुसऱ्या वेळी त्यांनी कंबरेला चिमटा काढला. हातात गठ्ठा, समोर गिऱ्हाईक, करता काय? मी वळून पाहिलं तर म्हणाले, "चेष्टा केली हो वहिनी." मग ते रोजचंच झालं. आमच्यासोबत पिंकी नावाची पोरगी होती, तिचीही 'चेष्टा' व्हायची, ती मान खाली घालून निघून जायची. मी गल्ली टाळून दुकानाला पुढून वळसा घालू लागले. गिऱ्हाईक विचारायचं, बाई कुठं गेली? ज्या नवाच्या ठोक्याची मी पहाटेपासून वाट पाहायची, तो वाजू नये असं वाटायला लागलं. डबा तसाच परत यायचा. सर्वात वाईट मला याचं वाटायचं. इतक्या वर्षांनी एक जागा माझी झाली होती आणि ती हा माणूस दोन बोटांनी माझ्याकडून काढून घेत होता.

घरी सांगायची लाज वाटली. शेवटी डब्यानंच चुगली केली. मालकांनी झाकण उघडलं, झिंगे तसेच. म्हणाले, "काय झालं वं?" मी सांगितलं. त्यांनी पाय धुवायचे सोडून पुन्हा खाणीतले बूट चढवायला घेतले, आत्ता जातो आणि तुडवतो म्हणून. मी दारात उभी राहिले. म्हटलं, "तुमी माराल तर ते तुमचं भांडण होईन. पोलीस तुमालेच नेईन. हे माझं हाय, मले लढू द्या." तेवढ्यात आतून बुढीनं तिच्या आवाजात विचारलं, "या उमरीत तिले कोन हात लावते?" गल्लीतली दोन कुत्री उठून बसली असतील. मला रडू येत होतं आणि हसूही फुटलं. पण खरं सांगते, तो प्रश्न मला पुढे पुष्कळांनी विचारला, डोळ्यांनी का होईना. हात लावणारा वय बघत नसतो हो. बाईचे हात कुठं अडकलेत आणि तिला सरकायला जागा आहे का, तो तेवढंच बघतो.

बूट काढल्यावर मालकांचं डोकं चालायला लागलं. खाणीच्या ऑफिसात पगाराच्या ओळीत उभं राहून राहून त्यांनी भिंतीवरचा एक बोर्ड पाठ केला होता. त्यांना वाचायला काहीही चालतं, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. बोर्ड होता कामाच्या ठिकाणी बायकांच्या छळाची तक्रार ऐकणाऱ्या समितीचा. ते म्हणाले, खाणीत खाणीची समिती, पण दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला कोण? मनीषानं मोबाइलवर शोधून सांगितलं, अशांसाठी जिल्ह्याची समिती असते, कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायचा. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत. उशीर झाला आणि कारण पटलं तर आणखी तीन. वकील लागत नाही, उलट समितीसमोर वकील आणताच येत नाही. पोलिसांचा रस्ता वेगळा, तोही खुला, हवा तर समितीच मदत करते. मी ऐकतच राहिले. आपल्यासाठी एवढं सगळं लिहून ठेवलंय आणि आपण दुकानाला वळसे घालतोय! फक्त एकच अट आम्हाला जड गेली, ती म्हणजे ही बोलणी गुप्त ठेवायची. बुढीसमोर गुप्त! तिला आम्ही आठ-पंधरा दिवस खुणांनीच सांगत होतो.

पिंकीला विचारलं, साक्ष देशील का. तिनं हात जोडले, "काकी, मेरा नाम मत लेना, अगले महीने शादी है." मी म्हटलं, नाही घेत. आणि नाही घेतलं. म्हणजे आता माझा शब्द आणि गुरुजींचा शब्द, मधे कोणी नाही. अर्ज मनीषा लिहिणार होती, पण मी म्हटलं, माझ्या अंगावरची गोष्ट मी माझ्या हातानं लिहीन. दोन पानं हिंदीत लिहिली. सगळं जसंच्या तसं. आणि शेवटी जोर देऊन लिहिलं, 'इस आदमी को अच्छी शिक्षा दी जाए.'

समितीच्या अध्यक्ष एक वयस्क मॅडम होत्या, जबलपूरकडच्या, मराठीचा गंध नाही. बाजूला आणखी तिघं. मॅडमनी अर्ज वाचला, शेवटाला आल्या आणि माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. म्हणाल्या, "आप बड़े दिल की हैं. इतना सब होने के बाद भी चाहती हैं कि इन्हें शिक्षा मिले." मला कळेना, यात मोठं मन कसलं? मी म्हटलं, हौ मॅडम, अशी शिक्षा द्या की जन्मभर लक्षात राहील. त्या आणखीनच विरघळल्या. मग मनीषानं, ती सोबत आली होती, कपाळाला हात लावून सांगितलं की मॅडम, मराठीत शिक्षा म्हणजे सज़ा, हिंदीसारखं शिक्षण नाही. खोलीत सगळे हसले. मीही हसले, पण मनात म्हटलं, गेलं आता, अडाणी बाई म्हणून अर्ज बाजूला ठेवतील. तसं झालं नाही. मॅडम म्हणाल्या, काही हरकत नाही, कायद्यात दोन्ही आहे, आणि मी लिहिलेल्या वाक्यावर पेन्सिलनं अर्थ लिहून घेतला. अर्जाची प्रत मधुकरजींना जाईल, त्यांनी दहा दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. तोवर मला घरी बसायचं तर रजा मिळू शकते, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, रजा नको, मी घरी बसले तर ते जिंकले. मग त्यांनी शेठला सांगून तेवढ्या दिवसांपुरतं मधुकरजींना वरच्या माळ्यावर पाठवलं.

उत्तर आलं. सुनावणीच्या दिवशी मी मॅडमच्या बाजूच्या खुर्चीत, मधुकरजी समोर, इस्त्रीचा सदरा, कपाळावर गंध. मॅडमनी त्यांचा कागद मोठ्यानं वाचायला घेतला. भाषा अशी की शाळेच्या गॅदरिंगचं भाषण वाटावं. आणि मग ते वाक्य आलं. 'मैंने श्रीमती सुमन के साथ केवल चेष्टा की थी, और चेष्टा तो मैं सभी महिला कर्मचारियों के साथ प्रतिदिन करता हूँ.' मॅडम थांबल्या. चष्मा काढला. पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. बाकीचे तिघंही कागदाकडे वाकले. मला आधी कळलंच नाही, मग एकदम उमगलं. गुरुजींना 'मज़ाक' हा शब्द हलका वाटला असणार, म्हणून त्यांनी आपला शुद्ध शब्द वापरला होता. आणि हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. त्यांनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं होतं, की मी रोज सगळ्या बायांच्या बाबतीत प्रयत्न करत असतो!

"किस बात की चेष्टा, मधुकरजी?" मॅडमनी विचारलं.

त्यांचा चेहरा उतरला. नाही नाही, तसं नाही, मराठीत चेष्टा म्हणजे मज़ाक, असं ते घाईघाईनं सांगू लागले. मॅडमनी त्यांचं म्हणणं लगेच मानलं नाही आणि उडवूनही लावलं नाही. माझ्या 'शिक्षे'च्या घोळानं त्यांना शहाणं केलं होतं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सुमनजी, आप बताइए, ये सही कह रहे हैं?"

खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्या मनात आलं की नाही म्हणावं. एका शब्दात काम होतं. तो माणूस त्याच्याच कागदात गाडला जात होता, आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. पण मग वाटलं, मी इथं आले ते माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा म्हणून. तोच खोटा करायचा? मी म्हटलं, "हौ मॅडम, खरं हाय. मराठी में चेष्टा माने मज़ाक ही होता है."

मधुकरजींनी सुटकेचा श्वास सोडला. माझ्याकडे पाहून मान हलवली, आपलीच बाई, बघा कशी धावून आली, अशा थाटात. आणि मॅडमनी पेन उचलून अगदी साध्या आवाजात विचारलं, ठीक आहे, मज़ाक तर मज़ाक, मग सांगा, काय मज़ाक केला?

"कुछ खास नहीं, मॅडम," गुरुजी आता रंगात आले होते. "ये साड़ियाँ लेकर निकलती हैं तो मैं ज़रा रास्ता रोकता हूँ. कमर में हलकी-सी चिमटी. घर जैसा वातावरण है हमारा."

"और ये हँसती हैं?"

"नहीं," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले, "ये कभी नहीं हँसतीं. यही तो इनकी समस्या है."

मॅडम लिहिणाऱ्या बाईला म्हणाल्या, शब्दशः घ्या. मग त्यांनी मधुकरजींना शांतपणे समजावलं, की तुमच्या मनात थट्टा होती की आणखी काय, ते कायदा विचारत नाही. समोरच्या बाईला ते नको होतं का, एवढंच विचारतो, आणि त्याचं उत्तर तुम्हीच आत्ता दिलंत. मी टेबलाखाली दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले होते. मला आनंद झाला होता, भयंकर आनंद, आणि तो मी लपवला नाही. घरी जाताना ऑटोवाल्याला उगीचच थांबवून गरम जिलेबी घेतली. बुढीनं विचारलं, काहून वं जिलेबी? मी तिच्या कानाशी जाऊन ओरडले, "जिंकलो!" गल्लीत कळलं तर कळू दे, एवढं एक वाक्य गुप्त ठेवणं माझ्याच्यानं झालं नाही.

निकाल यायला पुढे काही आठवडे गेले. मधुकरजींनी लेखी माफी द्यायची, समुपदेशनाला जायचं, आणि त्यांचं काम कायमचं गोदामाकडे, गादीवर पाय ठेवायचा नाही. म्हणजे त्यांना मराठीतली शिक्षाही मिळाली आणि हिंदीतलीही. शेठला ताकीद मिळाली आणि दुकानात कायद्याचा बोर्ड लावायला सांगितलं. मॅडमनी मला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं, पोलिसांत जायचं आहे का, अजूनही जाता येईल. मी दोन दिवस विचार केला आणि नको म्हटलं. मला त्यांना तुरुंगात पाहायचं नव्हतं, मला माझं दुकान परत पाहिजे होतं. दुसऱ्या एखादीला पोलीस पाहिजे असतील तर तिनं जरूर जावं, कोणी तिला माझं उदाहरण देऊन थांबवू नये. आजही साडी बघता बघता एखादी बाई आवाज खाली करून मला विचारते, "काकी, वो बोर्ड पे जो लिखा है, सच में होता है क्या?" तेव्हा मी हातातली घडी खाली ठेवते आणि सगळं सांगते. साडी नाही घेतली तरी चालते.

माफीचा कागद द्यायला मधुकरजी सकाळीच आले. शटर नुकतंच वर गेलं होतं, शेठ गल्ल्यावर अगरबत्ती लावत होते, लग्नानंतरही कामाला येणारी पिंकी झाडत होती. त्यांनी कागद पुढे केला, मी तिथंच उभ्या उभ्या वाचला. भाषा शुद्धच होती, पण या वेळी छोटी होती, चार ओळी. मी घडी करून तो पर्समध्ये ठेवला. शेठनं अगरबत्ती हातातच धरली होती, पिंकीचा झाडू थांबला होता. सगळ्यांना वाटत होतं, आता ही बाई काहीतरी बोलेल. मलाही वाटत होतं. कित्येक रात्री मी मनातल्या मनात भाषणं केली होती. पण बाहेर ऑटो थांबला आणि त्यातून डोक्यावर पदर घेतलेल्या चार बाया उतरल्या, लग्नाचा बस्ता असणार. मी चप्पल काढली, कपाटातून शालूंचा गठ्ठा दोन्ही हातांवर घेतला आणि गल्लीच्या तोंडाशी आले. गुरुजी सवयीनं तिथंच उभे होते.

"सरका," मी म्हटलं. "गिऱ्हाईक आलं."

ते सरकले. चांगली चार पावलं मागं, पार भिंतीपर्यंत. मी गठ्ठा गादीवर ठेवला, पहिल्या शालूची घडी मोडली आणि विचारलं, "नवरी कोणती वं तुमच्यातली?"